मीटरमागे तीन सेंटीमीटर

४ मार्च

चि. सूनबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसत नाही.

तुझं कापडाचं पार्सल काल पोचलं. कापड उत्तम आहे. सैन्याने काटकसर केली असेल तर ती शिंप्यांमध्ये केली असणार, नाहीतर भांडारातून मिळालेला कोट तुला पोत्यासारखा का व्हावा? तसला कोट घालून निवड मंडळापुढे उभं राहायचं नाही. घरात शिंपी असताना आपल्या सुनेने पोतं घालून हिंडावं, म्हणजे मग मी दुकानावरची पाटीच काढून ठेवतो.

मापांची चिठ्ठी मात्र मी दुकानात चारचौघांना वाचून दाखवली. ‘बाही अठ्ठावन्न पूर्णांक शून्य.’ अगं, शून्यच आहे तर लिहायचं कशाला? माणूस श्वास घेतो, जेवतो, हात वर करतो. त्याला माप लावताना दोन बोटं सैल धरायची असतात. तुम्ही लोक तोफेची दुर्बीण आणि माणसाचा दंड एकाच डोळ्याने बघता.

पण चिठ्ठी बघून बरं वाटलं, हे खरं. माझ्या वहीतल्या तुझ्या जुन्या मापांपेक्षा सगळंच दोन-तीन सेंटीमीटरने वाढलंय. बाहीसुद्धा. दंड भरला की बाही थोडी जास्त लागतेच. तुझ्या सासूबाईंना सांगितलं, पोरीने तिकडे चांगलं अंग धरलंय. त्या दिवसभर खुशीत होत्या.

तुझी चिमणी मजेत आहे. चार वर्षांची झाल्यापासून स्वतःला दुकानाची भागीदार समजते. मशीनखाली बसून मला सुया ओवून देते.

तुझा,
बाबा


१३ मार्च

ती. बाबांना नमस्कार, आणि आईंना आधी, नाहीतर पत्र वाचून झाल्यावर त्या विचारतील.

शून्य आम्ही उगाच लिहीत नाही. नुसतं अठ्ठावन्न लिहिलं तर कोणी म्हणेल, अंदाजे असेल. शून्य लिहिलं की कळतं, पुढचा आकडाही बघितला आहे. मापं माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने घेतली, कार्यशाळेच्या पोलादी टेपने. ती उंचीने एवढीशी आहे म्हणून सगळे तिला मायक्रॉन म्हणतात. खांद्याचं माप घ्यायला तिला स्टुलावर चढावं लागलं. मी श्वास घेतला तर म्हणाली, ‘हलू नको, वाचन बदलतंय.’

तुम्ही मागे विचारलं होतं की मी इथे दिवसभर नेमकं करते काय, आणि दर रविवारी फोन चिमणीच्या ताब्यात जातो, म्हणून लिहूनच सांगते. आमच्याकडे नवीन काही बनत नाही. सैन्याची मोजायची जेवढी साधनं आहेत, दाबाचे काटे, विमानांचे उंचीमापक, होकायंत्रं, ती ठरलेल्या मुदतीने आमच्याकडे येतात. आम्ही ती आधी एक दिवस थंड खोलीत नुसती ठेवतो, म्हणजे ती खोलीइतकीच गार होतात. मग आमच्या प्रमाणाशी, म्हणजे अचूक ठरवून ठेवलेल्या साधनाशी, ताडून बघतो. चुकत असतील तर उघडतो, दुरुस्त करतो, आणि तपासल्याची चिठ्ठी चिकटवून परत पाठवतो. मला हे काम आवडतं, बाबा. एखादा हट्टी काटा शेवटी शून्यावर येऊन गप्प उभा राहतो ना, तेव्हा जेवणाची आठवण राहत नाही.

फक्त एक आहे. दुरुस्त मी करते, पण चिठ्ठीवर सही दुसऱ्याची असते. मुख्य तपासनीसाचा कोर्स केला तरच स्वतःची सही करता येते. मंडळ त्यासाठीच आहे. कोर्स वर्षभराचा, त्या काळात घरी येता येत नाही, आणि नंतर आणखी सहा वर्षं नोकरी बांधलेली. नाही केला तर माझा करार येत्या हिवाळ्यात संपतो आणि मी घरी. तुमचे चिरंजीव म्हणतात, ‘तू ठरव, मी आहे.’ एवढं बोलून ते डेपोत बस काढायला जातात. अजून निवड कुठे झालीय म्हणा.

तुमची सून


२९ मार्च

चि. सूनबाई,

कोट आज पाठवला. आतलं अस्तर मऊ घातलंय, काजं हाताने केली आहेत. कॉलरला तीनदा वाफ दिली. तुझ्या मापात एक धागा इकडचा तिकडे केलेला नाही, तू शून्य लिहिलंस म्हणून दोन बोटांचं एकच बोट केलं.

घालून फोटो काढ आणि पाठव. मला बघायचाय. सासूबाईंना तुला बघायचंय, कोटाशी त्यांना घेणंदेणं नाही.

कोर्सचं वाचलं. सहा आणि एक सात वर्षं. चिमणी तेव्हा अकरा वर्षांची असेल, असा हिशेब मी आपला सहज केला. तू मनावर घेऊ नको. आम्ही इथे भक्कम आहोत आणि ती मजेत आहे.

तुझा,
बाबा


११ एप्रिल

ती. बाबा,

कोट अगदी बेतून बसलाय. मंडळातले साहेब विचारत होते, शिंपी कोण. मी म्हटलं, माझे सासरे. ते म्हणाले, नशीबवान आहात. फोटो सोबत आहे. मागे जे डोकं अर्धं दिसतंय ती मायक्रॉन.

आणि बाबा, निवड झाली. अकरा जणांत दोघांची. महिन्याअखेर होकार किंवा नकार द्यायचा आहे. अजून ठरवलेलं नाही.

बाकी एक विचारायचं होतं. दुकानातला तो जुना दिवा बदलला का? संध्याकाळी त्याच्या उजेडात कापता का? चिमणी सुया ओवते ते ठीक आहे, पण डोळ्यांच्या डॉक्टरकडे तुम्ही शेवटचे कधी गेला होता? आणि हात दुखतो का, कात्री धरताना? उगाच विचारतेय. वय कोणाचं थांबत नाही म्हणून.

तुमची सून


२० एप्रिल

चि. सूनबाई,

माझे डोळे ठणठणीत आहेत. सुया चिमणी ओवते कारण तिला आवडतं आणि ती गप्प बसते. हात दुखत नाही. दिवा जुना आहे, पण उजेड नवाच देतो. माझं झालं. आता तुझं बोलू.

फोटो आला. तुझ्या सासूबाईंनी तो खिडकीशी नेऊन बघितला आणि आत निघून गेल्या. मी भिंग लावून बघितला. सूनबाई, मी आयुष्यभर अंगावरचे कपडे बघत आलोय. कोट तुझ्या अंगावर लोंबतोय. खांदे उतरलेत, बाही अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत आलीय. मार्चच्या सुरुवातीला तू पाठवलेल्या मापांवर मी तो कोट शिवला. दोन महिनेही झाले नाहीत आणि तू त्यातून निम्मी उरलीस. आणि वर लिहितेस, बेतून बसलाय.

काय होतंय तिकडे? जेवतेस का? झोप लागते का? कोणी त्रास देतंय का? निवड झाली त्याचा आनंद आहे, पण तुझ्या पत्रात आनंद कुठे दिसला नाही, नुसता माझ्या डोळ्यांचा जप.

मी आजवर तुला नोकरीबद्दल ‘कर’ किंवा ‘करू नको’ म्हटलं नाही. आज म्हणतो. परत ये. बाजारात काटे-तराजू दुरुस्त करणारा आहे, त्याला मी विचारलंय. तो तुला उद्या कामाला ठेवेल. हाडं उरली की मग सही करून काय करायचंय?

बाबा


२८ एप्रिल

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग पळत जाऊन वजनकाट्यावर उभी राहिले. तो काटा मी स्वतः तपासलेला आहे. वजन मार्चमध्ये होतं तेवढंच आहे, उलट थोडं जास्त.

आता खरं सांगते. कोट सैल आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी खोटं लिहिलं. मला वाटलं, तुम्हाला टेपवरचे आकडे नीट दिसेनासे झालेत, किंवा कात्री हाताशी राहत नाही. ज्या माणसाने कधी कोणाचा कपडा दुसऱ्यांदा उसवला नाही, त्याला ‘तुमचा कोट चुकला’ असं कसं लिहायचं? त्यात त्या सुया. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं की बाबा थकलेत आणि तरीही माझी मुलगी सांभाळतायत. तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी मी कोर्सला नकार लिहून मोठ्या साहेबांच्या हातात दिला.

आणि तुम्ही तिकडे ठरवून बसलात की मी झिजले.

पण बाबा, माणूस कितीही बारीक झाला तरी त्याचे हात आखूड होत नाहीत. तुमच्या पत्रातल्या त्या बाहीपाशी मी अडले. खांदे उतरल्याने बाही थोडी खाली येईल, कबूल. म्हणून कोट उलटा करून दगडी टेबलावर पसरला आणि मायक्रॉनने शिवणीपासून शिवणीपर्यंत सगळं मोजलं. बाही मोठी. पाठ मोठी. खिशाचं झाकणसुद्धा मोठं. आणि सगळं एकाच प्रमाणात मोठं. डोळे अधू झाले तर माणूस कुठे जास्त कापेल, कुठे कमी. थकलेला हात इतका शिस्तीत चुकत नाही.

मागच्या वर्षी आमच्या एका पोराने दिवसभरात आलेले सगळेच्या सगळे दाबाचे काटे नापास केले. सगळे एकाच बाजूला, एकाच मापाने चुकत होते. मोठे साहेब आले, त्यांनी काट्यांकडे बघितलंही नाही. ज्याच्याशी ताडून बघत होता ते आमचं मुख्य प्रमाण त्यांनी उचललं. तेच बिघडलं होतं. सगळेच एका बाजूला चुकत असतील तर आधी आपली पट्टी बघायची, हे इथे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि तरी प्रत्येक जण एकदा विसरतो. यावेळी मी विसरले.

बाबा, रागावू नका. तुमची टेप मला पाठवा.

नकाराचा कागद साहेबांनी खणात ठेवलाय. म्हणाले, ‘महिनाअखेर मी पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत ओढू शकतो. त्याच्या पुढे नाही.’

तुमची सून


४ मे

चि. सूनबाई,

तुझं वजन वाढलंय हे वाचून सासूबाईंनी मला दोनदा वाचायला लावलं. देव तुझ्या त्या काट्याचं भलं करो.

पण टेप? माझी टेप? दुकान उघडलं त्या दिवशी गळ्यात घातली ती आजपर्यंत उतरली नाही. अर्ध्या गावाचे कपडे तिने झालेत. त्यातला एकही सैल नाही, एकही घट्ट नाही. ती खोटी असती तर लोक माझ्या दारात कपडे फेकून गेले असते. आधी याचं उत्तर दे, मग टेपवर आळ घे. तुझ्या त्या शून्यातच काहीतरी गडबड असणार.

तरी पाठवतोय. का, ते सांगतो. तू माझ्यासाठी नकार लिहून दिलास, हे मला अजिबात आवडलेलं नाही. माझ्या डोळ्यांच्या नावावर कोणी आपलं पुढचं आयुष्य मोडलेलं मला चालणार नाही. डोळे माझे आहेत आणि ते धडधाकट आहेत.

गळा मोकळा मोकळा वाटतोय. काल गिऱ्हाइकाचं माप घ्यायला दोनदा मानेवर हात गेला. चिमणीने माझ्या गळ्यात दोरा बांधून दिलाय, तात्पुरता.

बाबा


१३ मे

ती. बाबा,

तुमची टेप आमच्या थंड खोलीत एक दिवस राहिली. दोन्ही बाजूंना विमानाचे उंचीमापक, मधे ही. येणारा-जाणारा विचारत होता, हे कुठलं यंत्र. मायक्रॉन सांगायची, गुप्त आहे.

मग टेबलावर सरळ धरून ताडून बघितली. बाबा, ती ताणली गेलीय. मीटरमागे तीन सेंटीमीटर, म्हणजे तिच्यावरचा मीटर खरा एकशे तीन सेंटीमीटरचा. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून तशी होते, आणि इतकी हळूहळू होते की रोज वापरणाऱ्याला कळायचं काही कारणच नसतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला, पण आता इतकं सोपं वाटतंय. गिऱ्हाइकाला तुम्ही मापता याच टेपने आणि कापड कापता याच टेपने. दोन्हीकडे तीच चूक, म्हणून ती कुठे दिसतच नाही. कपडा बरोबर बसतो. गावात तुमचं माप चुकणं शक्यच नाही. फक्त मी बाहेरून, दुसऱ्या टेपची मापं पाठवली आणि गोंधळ झाला. वहीतल्यापेक्षा मी दोन-तीन सेंटीमीटर वाढले ते याच्यामुळे. मी अंग बिंग काही धरलेलं नाही, आईंना हळूच सांगा. तुमचे डोळे चांगले, हात चांगले, माझं जेवण चांगलं.

टेप परत पाठवतेय. नवी घ्या असं म्हणणार नाही, कारण मग तुमच्या वहीतलं प्रत्येक माप चुकीचं होईल आणि अर्धं गाव पुन्हा मोजावं लागेल. आमच्याकडे तीन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे बाद. पिवळी म्हणजे साधन ठरावीक कामापुरतं चांगलं आहे, आणि कुठल्या कामापुरतं ते चिठ्ठीवर लिहायचं. मोठ्या साहेबांनी तुमच्या टेपला पिवळी दिली, स्वतः सही करून.

आता माझं. नकार देताना मी जे कारण धरलं होतं ते उरलेलं नाही. साहेबांनी खणातून कागद काढून टेबलावर ठेवलाय, फाडायचा की पाठवायचा ते मी सांगायचं. मला जायचंय, बाबा. हे मी आजवर कोणाला एवढं सरळ सांगितलं नव्हतं. मला ती सही करायची आहे. पण चिमणी तुमच्याकडे आहे, घर आईंवर आहे. मी गोड गोड पत्रं वाचून ठरवणार नाही. जाऊ का? बरं वाटेल ते लिहू नका, खरं लिहा. मला चार दिवसांत उत्तर द्यायचंय म्हणून हे पत्र आमच्या गाडीवाल्याच्या हातीच पाठवतेय. तो उद्याच परत निघेल, उत्तर त्याच्याजवळ द्या.

तुमची सून


१४ मे

चि. सूनबाई,

टेप गळ्यात आहे. पिवळी चिठ्ठी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवली. ‘फक्त याच दुकानात, याच शिंप्याने वापरावी.’ तुझ्या सासूबाई हसून हसून खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, यातली दुसरी चिठ्ठी मागवून घ्या, तुम्हालाच लावते. तुझा गाडीवाला बाहेर चहा पितोय, म्हणून भरभर लिहितो.

खरं लिही म्हणालीस. टेप ताणलेली निघाली हे वाचून मला आधी वाईट वाटलं. टेपचं नाही. तू झिजली असतीस तर तुला हक्काने घरी बोलावता आलं असतं. तू ठणठणीत निघालीस आणि माझ्या हातातलं कारणच गेलं. मला तू इथे हवी आहेस, एवढंच उरलं. तेवढ्यावर तुला अडवणं बरोबर नाही. मी स्वतःच्या नावाची पाटी दुकानावर लावली तेव्हा मला कोणी अडवलं नव्हतं. तू जा. तो कागद फाड. सासूबाईंचंही हेच म्हणणं आहे, त्यांनी ते माझ्याआधी ठरवलं होतं, असं त्यांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय.

पण एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली होती, ती आता सांगून टाकतो. चिमणी मजेत आहे असं मी दर पत्रात लिहिलं. ते खरं होतं, संध्याकाळ सोडून. रोज दुपार कलली की ती विचारायची, आई कधी येणार. मी म्हणायचो, लवकर. दुसरं काय म्हणणार? लवकर म्हटलं की ती दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे बघत बसायची, दिवे लागेपर्यंत. हाक मारली तरी उठायची नाही. तुला कळवलं असतं तर तू त्या दिवशीच निघून आली असतीस.

आज तुझं पत्र वाचलं आणि तिला मांडीवर घेऊन खरं सांगितलं. आई मोठ्या शाळेत जाणार आहे. ती आता लवकर येणार नाही. हा उन्हाळा जाईल, थंडी जाईल, पुढचा उन्हाळा येईल, तेव्हा येईल. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

तिने नीट विचार केला आणि म्हणाली, ‘म्हणजे आज नाही ना?’

मी म्हटलं, आज नाही. उद्याही नाही.

‘मग मी खेळायला जाऊ?’ म्हणाली, आणि चपला घालून पळाली.

ती गेल्यावर पायरीवर थोडा वेळ मीच बसलो होतो.

तुझा,
बाबा